स्वागत समारंभाची टेबलसजावट: मांजरपाट, बांबू आणि पळसाची पाने

आपल्याकडचा मंगल परिणय खर्चिक नाही. त्रिशरण-पंचशील, मंगलसुत्त, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, पुष्पवर्षाव, आणि तासाभरात विधी आटोपतो. पैसा जातो तो त्यानंतरच्या स्वागत समारंभात. चंद्रपूर शहरातले लॉन सोडा, आता मूल, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, चामोर्शीकडच्या गावांतही गोल टेबले, सॅटिनची कव्हरे, रिबनीचे बो आणि प्लास्टिकच्या फुलांचे गुच्छ दिसतात. बिछायत केंद्रवाला हे सगळे एक ‘पॅकेज’ म्हणून पुढे करतो. जेवण आणि मांडव टाळता येत नाही, सजावट टाळता येते. पण नेमकी तीच शेवटच्या आठवड्यात ठरते, हातातली रक्कम संपल्यावर. मग बचत गटातून उचल होते, नाहीतर मायक्रोफायनान्सचा आणखी एक हप्ता सुरू होतो, आणि तो हप्ता लग्नानंतर मुलीची आई रोजीच्या पैशातून भरत राहते.

सजावटच करू नका, असे सांगायला हा लेख लिहिलेला नाही. लग्न हा आनंदाचा प्रसंग आहे आणि टेबल सुंदर दिसावे ही इच्छा गरिबालाही असते, असावी. प्रश्न इतकाच की ती सजावट घरी, मोहल्ल्यात, आपल्या दोन जिल्ह्यांत मिळणाऱ्या वस्तूंतून कशी करायची. त्याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हे लिहिले आहे.

सुरुवात कुठून करायची, याचे उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, ४ डिसेंबरच्या एका पत्रात, त्यांनी बौद्ध विवाहविधी कसा असावा हे थोडक्यात कळवले. होम नको, सप्तपदी नको. वधू-वरांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके ठेवावे, त्यात सुती धागा सोडून त्याची दोन टोके दोघांनी धरावीत, कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे, आणि दोघांचेही कपडे पांढरे असावेत. एवढेच. त्याच्याही आधी, डिसेंबर १८७३ मध्ये, जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय आणि अगदी थोड्या खर्चात पहिले लग्न लावले होते. म्हणजे साधेपणा ही आपल्याकडे नाइलाजाने आलेली गोष्ट नव्हे.

त्या पत्रातल्या वस्तू बघा: माती, पाणी, सूत, पांढरा रंग. टेबलासाठी याहून वेगळी कल्पना शोधायची गरजच नाही. एक मात्र माझे मत. टेबलावर मडके ठेवा, पाणी भरा, फुले सोडा, पण धागा विधीसाठीच राहू द्या. प्रत्येक टेबलावर धागा गुंडाळलेले मडके ठेवले की मुख्य मडक्याचा अर्थ पातळ होतो.

आधी टेबले मोजा

सजावटीचे सामान आणण्याआधी कागदावर टेबलांची यादी करा. आपल्या समारंभात ती चार प्रकारची असतात: वंदनेचे टेबल (तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांचे), अहेर आणि नोंदवहीचे टेबल, जेवणाचे काउंटर आणि पाहुण्यांची बसायची टेबले. गावात पंगत असेल तर चौथा प्रकार नसतोच. मग काम निम्म्याहून कमी होते. पंगत मोडून केवळ फोटोसाठी गोल टेबले भाड्याने आणू नका.

वीस टेबले धरून पुढची मापे दिली आहेत. पैशाची मर्यादाही आधीच ठरवा, उदाहरणार्थ, एका टेबलावर पन्नास रुपयांपेक्षा जास्त जाणार नाहीत. भाव तालुक्यागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून मी ते देत नाही. आठवडी बाजारात एक फेरी मारली की तुमचे तुम्हाला कळतील.

कापड

सॅटिनचे कव्हर भाड्याने घेण्याऐवजी मांजरपाट घ्या. संपूर्ण टेबल झाकायची गरज नसते. मधोमध एक पट्टी टाकली तरी टेबल सजलेले दिसते. छत्तीस इंच पन्ह्याचे कापड उभे तीन भागांत कापले तर एक फूट रुंदीच्या पट्ट्या मिळतात. दोन मीटर लांबीच्या वीस पट्ट्यांना साधारण चौदा मीटर कापड लागते. कडा दुमडून शिलाई मारा, नाहीतर धुतल्यावर दोरे सुटतात. नवे मांजरपाट एकदा भिजवून, वाळवून मगच कापा. ते आकसते.

पांढरी पट्टी तशीच छान दिसते. रंग हवा असेल तर आपल्याकडे पळस आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा झाडाखाली पडलेली फुले गोळा करून सावलीत वाळवा. एक किलो कापडाला साधारण दीडशे ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून कापड त्यात तासभर ठेवा. कापडाच्या वजनाइतकी वाळलेली फुले रात्रभर भिजत घालून सकाळी अर्धा तास उकळा, गाळा आणि त्या गरम पाण्यात तुरटीचे ओले कापड बुडवून हलवत राहा. पिवळ्यापासून केशरीपर्यंत रंग येतो. आधी चिंधीवर करून बघा, कारण पाणी आणि भांडे दोन्हींमुळे छटा बदलते. लोखंडी कढई वापरली तर रंग काळपट होतो. वाळवताना सावलीत. हा रंग उन्हात उडतो, म्हणून तो कायमचा समजू नका.

बांबू, आणि बुरडाचा भाव

आपल्या जंगलातला बहुतेक बांबू म्हणजे मानवेल. त्याची पट्टी चिवट निघते, चोया बारीक निघतात, पण कांड बऱ्याचदा भरीव किंवा जाड सालीचे असते. त्यामुळे यूट्यूबवर बघून मानवेलाचा फुलदाणीसाठी तुकडा कापला की आत जेमतेम बोटभर जागा मिळते. फुलदाणीला कटांग बांबू घ्या. तो जाड आणि पोकळ असतो. पेराच्या गाठीखाली एक इंच सोडून कापले की गाठ हाच तळ होतो. सात-आठ इंच उंची पुरे. त्याहून उंच केली तर समोरासमोर बसलेल्या माणसांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, आणि कूलरच्या वाऱ्याने ती आडवीही होते.

हिरवा बांबू पाणी धरतो, वाळलेला चिरतो. वाळलेल्या कांडात पाणी ठेवायचे असेल तर विहारात जमा झालेले मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून आतून फिरवा आणि उरलेले मेण ओतून घ्या. आतला थर गळती थांबवतो. मेण थेट आचेवर न ठेवता पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवा. ते पेटते.

कापायचे काम आरीचे आहे, कोयत्याचे नव्हे. वाळूच्या कागदाने कड घासा. बांबूची कड ब्लेडसारखी कापते आणि टेबलाभोवती मुले असतातच.

आता मुख्य मुद्दा. बांबूचे काम जाणणारी माणसे आपल्या जिल्ह्यांत आहेत, बुरड समाजाची. सूप, टोपल्या, परड्या, ताटवे हे त्यांचे पोट आहे. वीस लहान परड्या हव्या असतील तर महिनाभर आधी बुरड मोहल्ल्यात जाऊन सांगा आणि अर्धे पैसे तिथेच द्या. ‘घरगुती, स्वस्त’ या नावाखाली त्यांच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. एका परडीमागे किती चोया काढाव्या लागतात ते एकदा शेजारी बसून बघा. बिछायत केंद्राच्या पॅकेजमधून वाचवलेला पैसा एका कारागिराच्या घरात गेला तर त्याला खर्च म्हणायला माझा नकार आहे.

काम स्वतः शिकायचे असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. कच्चा बांबू हवा असेल तर ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत त्यांच्याकडे चौकशी करा. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क मिळवला. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावची ग्रामसभाही आपल्या बांबूचा व्यवहार स्वतः करते. ही बहुतांश गोंड आदिवासींची गावे. त्यांच्याकडून रीतसर पावतीने बांबू घेणे म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याला आपल्या लग्नातून दिलेला छोटा पाठिंबा. आंबेडकरी तरुणांनी भाषणात ‘बहुजन एकता’ म्हणण्यापेक्षा हे सोपे आहे.

पाने, धान, फुले

पळसाची पाने पत्रावळीला वापरतात तशीच, चोईच्या काडीने टाचून, गोल बैठक करता येते. मडके किंवा फुलदाणी तिच्यावर ठेवा. आठ-नऊ पाने एका बैठकीला लागतात. मे महिन्यात ताजे पान तीन-चार तासांत वळते. म्हणून समारंभाच्या दिवशी सकाळी टाचा आणि मांडेपर्यंत ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. आदल्या रात्री करायच्या असतील तर दोन पाटांमध्ये दाबून वाळवा. हिरवी राहणार नाही, पण सपाट राहील.

पिंपळपानाची जाळी हा सर्वांत देखणा आणि जवळजवळ फुकट प्रकार आहे, फक्त त्याला वेळ लागतो. पक्की, न फाटलेली पाने मातीच्या भांड्यात पाण्यात बुडवून ठेवा. तीन-चार आठवड्यांत हिरवा भाग कुजतो. वास येतो, म्हणून भांडे घरापासून लांब ठेवा आणि पाणी अधूनमधून बदला. मग पान ताटात सपाट पसरून जुन्या मऊ टूथब्रशने हलके घासले की गर निघून शिरांची जाळी उरते. वहीत दाबून वाळवा. दहा पानांतली तीन-चार फाटतातच, म्हणून दीडपट पाने भिजत घाला. घाई असेल तर धुण्याच्या सोड्यात उकळूनही होते, पण मग हातमोजे घाला आणि मुलांना त्या कामापासून दूर ठेवा. ही जाळी पांढऱ्या कार्डावर चिकटवून टेबलावर उभी करा. बोधिवृक्षाचे पान आहे, तेव्हा जिथे रस्सा सांडेल तिथे ते पसरू नका.

झाडीपट्टीतल्या लोकांनी धानाच्या लोंब्या विसरू नयेत. धान कापणीच्या वेळी पंचवीस-तीस लोंब्यांची एक जुडी बांधून उलटी टांगून वाळवली की ती उन्हाळ्यातल्या लग्नापर्यंत टिकते. मातीच्या गाडग्यात एक जुडी, बस्स. उंदरांपासून तेवढी जपा. आणि ती एचएमटी धानाची असेल तर सोबत एक कार्ड ठेवा की हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधले. जेमतेम शाळा शिकलेला, थोडक्या जमिनीचा हा शेतकरी. शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडत त्यांनी हे वाण तयार केले आणि तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला पडले. पुढे फोर्ब्सने २०१० मध्ये त्यांची दखल घेतली. २०१८ मध्ये ते गेले. आपल्या ताटातला तांदूळ आपल्याच माणसाचा आहे, हे कित्येक पाहुण्यांना त्या टेबलावर पहिल्यांदा कळेल.

कार्डांची कल्पना इथेच पूर्ण करतो. टेबलांना क्रमांक देण्याऐवजी नावे द्या आणि मागे दोन ओळी लिहा: चंद्रपूरची दीक्षाभूमी, भद्रावतीची विजासन लेणी, सावित्रीबाई, दादाजी. अक्षर मोहल्ल्यातल्या मुलांचे असू द्या. दोनच ओळी. लग्नातल्या जेवणावर व्याख्यान कोणी वाचत नाही.

फुलांत गुलाब आणि जरबेरा बाहेरून येतात, महाग असतात आणि आपल्या उन्हात टिकत नाहीत. झेंडू टिकतो. एप्रिल-मेमध्ये मोगरा घरोघरी असतो. मूठभर मोगरा पाण्याच्या मडक्यात सोडला की दुसरे काही लागत नाही. ज्या मामा तलावात कमळे असतील तिथे तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या मच्छीमार संस्थेला विचारून घ्या, तेही वंदनेच्या टेबलापुरते.

जंगलातून आणताना

‘जंगलात फुकट मिळते’ हे वाक्य चंद्रपूर-गडचिरोलीत जपून उच्चारावे. मार्च ते मे हा मोह आणि तेंदूचा हंगाम, आणि लग्नांचाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात याच दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसे गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. ती बहुतेक वाकून काहीतरी वेचणारी गरीब माणसे असतात. टेबलावरच्या पानांसाठी पहाटे एकट्याने, किंवा घरातल्या बायांना पाठवून, जंगलात जायचे नाही. पळस बांधावर आणि रस्त्याकडेला आहे, पिंपळ गावात आहे, तेवढ्यावर भागते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून काहीही उचलायचे नाही, आणि दुसऱ्या गावाच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलातून त्या ग्रामसभेला विचारल्याशिवाय नाही.

थर्माकोलची नावे आणि कमानी आता फक्त वाईट दिसतात म्हणून नव्हे, कायद्याने बंद आहेत. राज्याने २०१८ मध्ये बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकचे झेंडे, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या बंद झाल्या. ‘सगळे वापरतात’ म्हणणाऱ्या डेकोरेशनवाल्याला हे सांगा.

ऊन, वारा आणि मेणबत्ती

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा दुपारी उंच मेणबत्ती न पेटवताच कमरेतून वाकते. वंदनेसाठी लागणाऱ्या मेणबत्त्या शेवटच्या क्षणापर्यंत थंड जागी, ओल्या फडक्यात ठेवा. पाहुण्यांच्या टेबलावर पेटती मेणबत्ती ठेवूच नका. पाने वाळलेली, कापड सुती, मांडवाचा पडदा सिंथेटिक आणि बाजूला कूलर, हे एकत्र येणे धोक्याचे आहे. दिवा हवाच असेल तर मडक्यात वाळू भरून त्यात पणती, आणि तीही संध्याकाळी, अहेराच्या टेबलावर, जिथे कोणी बसलेले असते.

कागदी वस्तू वाऱ्याने उडतात. कार्डाखाली इरई, वैनगंगा, वर्धा, जवळ असेल त्या नदीतला गोटा ठेवा. मडक्याच्या तळाशी वाळू टाका.

प्रतिमा आणि ध्वज

तथागतांची किंवा बाबासाहेबांची प्रतिमा जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालावर, पाण्याच्या बाटलीवर नको. समारंभ संपल्यावर ते सगळे उष्ट्यात आणि झाडूखाली जाते. हे सांगावे लागते, कारण छापणारे हल्ली उत्साहाने छापून देतात. प्रतिमा वंदनेच्या टेबलावर, उंचावर, पांढऱ्या कापडावर असाव्यात. पंचशील ध्वजाचेही तसेच. त्याचे टेबलक्लॉथ करू नका. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हे रंग सुट्या सुतळीच्या गोंड्यांत किंवा कापडी पट्ट्यांत आणले की भावही पोहोचतो आणि अवमानही होत नाही.

हे सगळे करणार कोण?

घरगुती सजावट स्वस्त असते कारण तिच्यातली मजुरी कोणी धरत नाही. आणि ती मजुरी बहुतेक वेळा घरातल्या बायांची असते, शंभर माणसांचा स्वयंपाक, पाहुण्यांची अंथरुणे आणि हळदीनंतर रात्री दोनपर्यंत. असे होणार असेल तर बिछायत केंद्राचे पॅकेज परवडले. म्हणून एक बैठक स्वतः टाचा, घड्याळ लावा आणि वीसने गुणा. आलेले तास मोहल्ल्यातल्या तरुण मुलांच्या नावावर लिहा. नवरदेवाच्या मित्रांच्याही. डीजेसाठी धावणारे हात पाने टाचू शकतात. कापड आणि पिंपळजाळी महिनाभर आधी, बांबू पंधरा दिवस आधी, कार्डे आठवडाभर आधी व्हायला हवीत. शेवटच्या दिवशी फक्त पाने, फुले आणि पाणी.

विहाराचा संच

एका घराने एका लग्नासाठी हे करण्यापेक्षा विहाराने एकदा करावे, हा खरा उपाय. वीस पट्ट्या, वीस फुलदाण्या, वीस परड्या, पाच-सहा जादा, सगळे एका लोखंडी पेटीत. भारतीय बौद्ध महासभेची शाखा, महिला मंडळ किंवा युवक मंडळ, ज्याचे काम नियमित चालते त्याने पेटी सांभाळावी. हाच संच बुद्ध पौर्णिमेला, १४ एप्रिलला, नामकरणाला निघतो.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही थॉर्स्टीन वेब्लेन वाचला. १८९९ मध्ये त्याने लिहून ठेवले की माणूस वस्तू वापरण्यासाठी जितकी घेतो तितकीच ती दाखवण्यासाठीही घेतो. आपल्या वस्तीत ते रोज दिसते. वेकोलीत किंवा शिक्षक म्हणून नोकरीला असलेल्या घराने मोठे लॉन केले की शेजारच्या रोजमजुराला आपला मांडव लहान वाटू लागतो. म्हणून विहाराचा संच पहिल्यांदा नोकरदाराच्या घरच्या लग्नात वापरला गेला पाहिजे. पहिल्यांदा तो विधवेच्या मुलीच्या लग्नात निघाला तर त्याला कायमचे ‘गरिबांची पेटी’ हे नाव पडेल आणि नंतर ती कोणी उघडणार नाही. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी हे एक काम पाठीशी लागून करून घ्यावे.

नियम थोडे ठेवा. नोंदवहीत तारीख आणि नग लिहून घ्या. अनामत नको, पण हरवले-फुटले ते भरून द्यायचे. पट्ट्या धुऊन, पूर्ण वाळवून परत करायच्या. ओल्या दुमडल्या तर पावसाळ्यात बुरशीचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. फुलदाण्या उलट्या ठेवून वाळवायच्या. बांबूतून पिवळसर भुकटी पडू लागली तर समजा भुंगेरा लागला. तो नग लगेच बाहेर काढायचा आणि बाकीचे कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवायचे. पेटी वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि लग्नसराईच्या आधी, उघडून उन्हात टाकायची. पावसाळ्यानंतरची पाळी १६ ऑक्टोबरच्या सोहळ्याआधी आली की त्या निमित्ताने नग मोजूनही होतात.